परीक्षेच्या दिवसांत लेक सिनेमा का बघते?



मार्च सरत आला की गटाच्या बैठकीत हप्त्यांच्या हिशोबाआधी कॉलेजातल्या मुलींच्या परीक्षांचा विषय निघतो. एक ताई म्हणते, "पेपर तोंडावर आलाय आणि ही मोबाईलवर इंग्रजी सिनेमा लावून बसते." दुसरी हळूच सांगते, "मागच्या वेळी एक विषय राहिला. आता तिचे वडील म्हणतात, पुरे झालं शिक्षण, स्थळं बघायला लागू." आज या दोन्ही गोष्टींवर बोलूया.

आधी परीक्षा समजून घेऊ. पूर्वी वर्षातून एकदा परीक्षा व्हायची. आता वर्षाची दोन सत्रं असतात, एकाची परीक्षा हिवाळ्यात, दुसऱ्याची उन्हाळ्यात. तीन वर्षांच्या पदवीची सहा सत्रं होतात. प्रत्येक विषयाचे काही गुण कॉलेजच्या हातात असतात: चाचणी, प्रकल्प, प्रात्यक्षिक. बाकीचे सत्राच्या शेवटी लेखी पेपरात मिळतात. म्हणून प्रात्यक्षिकाच्या दिवशी मुलीला पाहुण्यांच्या लग्नाला नेलं, तर ते गुण तिथेच जातात.

आणि ती 'एटीकेटी'! हा शब्द ऐकला की घरात सुतक पडल्यासारखं होतं. त्याचा अर्थ एवढाच की एखाद-दुसरा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसायला परवानगी आहे आणि राहिलेला पेपर पुन्हा देता येतो. किती विषय राहिलेले चालतात, हा नियम विद्यापीठागणिक वेगळा आहे. तो कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारायचा. गुण अनपेक्षितपणे कमी आले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. त्याची मुदत थोडीच असते, म्हणून निकाल लागल्यावर रडण्यात आठवडा घालवायचा नाही. पुन्हा देता येणाऱ्या एका पेपरासाठी मुलीचं शिक्षण बंद करायचं, हा हिशोब कुठल्याही वहीत बसत नाही.

आता अभ्यासाकडे येऊ. एबिंगहाउस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःच्या स्मरणशक्तीवर केलेले प्रयोग छापले. त्याला दिसलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरायला होतं, पण मधे दिवस टाकून उजळणी केली तर ते टिकतं. पिकाला एकाच दिवशी महिन्याचं पाणी सोडून चालत नाही, पाळी धरून द्यावं लागतं, तसंच हे. झोपेचंही मोल आहे. दिवसा वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. रात्रभर चहावर जागून सकाळी पेपरला गेलेली मुलगी वाचलेलंच विसरते.

आईला यात करण्यासारखं एक मोठं काम आहे, आणि त्याला शिक्षण लागत नाही. रात्री भांडी आवरल्यावर लेकीला म्हणा, "आज काय वाचलंस, ते पुस्तक मिटून मला सांग." नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून सांगितलं तर जास्त लक्षात राहतं, हे संशोधनातून वारंवार दिसलं आहे. तुम्हाला विषय कळला नाही तरी चालेल. तुम्ही "म्हणजे काय गं?" एवढं विचारलंत की कुठे अडतंय ते तिचं तिलाच कळतं.

आता तो सिनेमा. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी बी.एस्सी. करते. तिला 'इंटरस्टेलर' नावाच्या 2014 सालच्या सिनेमाचं वेड आहे. त्यात एका ग्रहावर एक तास घालवला की पृथ्वीवर सात वर्षं उलटलेली असतात. ऐकायला पुराणातल्या गोष्टीसारखं वाटतं, पण याच्या मागे खरं विज्ञान आहे. तो ग्रह कृष्णविवराजवळ असतो. कृष्णविवर म्हणजे काय? आपण दगड वर फेकला की खाली येतो, कारण पृथ्वी त्याला ओढते. वाटेत हवेचा अडथळा नसता आणि तो सेकंदाला सुमारे 11 किलोमीटर वेगाने फेकला, तर तो परत येणार नाही. कृष्णविवराची ओढ इतकी जबर, की सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाशसुद्धा तिथून सुटत नाही. आणि जिथे ओढ जास्त, तिथे वेळ हळू चालते. आपल्या मोबाईलला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांच्या घड्याळांतही हा फरक धरावा लागतो, नाहीतर नकाशा चुकेल.

या सिनेमाला विज्ञानाचा सल्ला देणारे किप थॉर्न यांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळालं. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात लहरी उठतात. त्या 2015 साली अमेरिकेतल्या 'लायगो' वेधशाळेत पहिल्यांदा पकडल्या गेल्या, त्या कामासाठी हे पारितोषिक होतं. तशीच वेधशाळा भारतात उभी राहणार आहे, आणि ती आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ! चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या या प्रकल्पाला केंद्र सरकारने 2023 साली सुमारे 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. उद्या तिथे शिकलेल्या मुली लागतील. त्या आपल्या का नसाव्यात?

विज्ञान आणि गोष्ट यांचं आपल्याकडेही वाकडं नाही. कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली कथा टोपणनावाने पाठवली आणि तिला बक्षीस मिळालं. तिचं नाव होतं 'कृष्णविवर'.

याचा अर्थ मोबाईलवरचं सगळंच अभ्यास आहे असं नाही. एकामागून एक रील सरकवत बसलं की तास कसा गेला कळत नाही, आणि झोपही उडते. पण मोबाईल हिसकावून घेण्यापेक्षा ठरवून घ्या: इतका अभ्यास झाला की अमुक वेळ तुझ्या आवडीची. झोपताना मोबाईल दुसऱ्या खोलीत. आणि कधीतरी तिच्याशेजारी बसून विचारा, "यात काय चाललंय?" आवडीच्या विषयावर बोलणारी मुलगी अडचणीच्या विषयावरही आईशी बोलते.

गट म्हणून आपण तीन गोष्टी करू शकतो. एक, परीक्षेच्या महिन्यात मुलीच्या वाट्याचं पाणी, धुणं, धाकट्यांना सांभाळणं घरातल्या सगळ्यांत वाटून घ्यायचं, मुलग्यांसकट. दोन, समाजमंदिर संध्याकाळी दोन तास अभ्यासाला उघडं ठेवायचं आणि आपल्यातली एक जण आळीपाळीने तिथे थांबायची. तीन, परीक्षा शुल्कासाठी गटातून अंतर्गत कर्ज द्यायचं, म्हणजे अर्जाची तारीख चुकणार नाही.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मुलगी जेवत नसेल, झोपत नसेल, "माझं काही खरं नाही" असं बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. जवळ बसा, ऐका, तिला एकटी सोडू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि फोन मोफत लागतो. तो गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा.

आपल्या लेकींना परीक्षेसाठी शुभेच्छा!