वाचले होते, पण आठवले नाही

'नीट'चा निकाल लागला, की भूमसारख्या गावी कमी गुण मिळालेला एखादा विद्यार्थी म्हणतो, "सर, पुस्तक चार वेळा वाचलं होतं." त्याचे म्हणणे खरे असते, अडचणही तिथेच असते.

रोडिगर व कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने एक उतारा चार सत्रे वाचला. दुसऱ्याने एक सत्र वाचून नंतरची तीन सत्रे तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४० टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, पण ओळख म्हणजे आठवण नव्हे. आठवण पक्की होते ती आठवण्याच्याच सरावाने.

म्हणून आम्ही सुचवतो, की चुकलेले प्रश्न विद्यार्थ्यासोबत बसून तीन रकान्यांत मांडावेत: शिकलोच नव्हतो, शिकलो पण आठवले नाही, घाईत चुकलो. पहिल्यावर उपाय पुन्हा शिकण्याचा, दुसऱ्यावर पुस्तक मिटून लिहिण्याचा, तिसऱ्यावर घड्याळ लावून सराव करण्याचा. यासाठी लातूरला खोली घ्यावी लागत नाही. 'मी कमी पडलो' याऐवजी 'मी इथे कमी पडलो' एवढे कळले, तरी उद्या सकाळी काय करायचे ते ठरते.