कातळावरचे अर्थिंग

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या दशकांत तारा भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर पोचल्या. अर्थिंगची भारतीय मानक संहिता, आयएस ३०४३, १९६६ची. १९८७ आणि २०१८ मध्ये ती सुधारली गेली. नियमांची वाण कधीच नव्हती. तरी या काळाचा हिशेब मांडताना मला वाटते, की आपण अर्थिंगचा खड्डा घेतला म्हणजे काम झाले असे मानत आलो. त्याचा रोध मोजायची सवय काही लागली नाही. या दोन तालुक्यांत ते फार महाग पडू शकते.

कारण इथली जमीन. किकवी-नसरापूरकडे त्यातल्या त्यात माती आहे. हिर्डोशीच्या खोऱ्यात, केळद-पासलीकडे चढावर मातीचा पातळ थर, खाली मुरूम, की लगेच कातळ. ओल्या काळ्या मातीत तीन मीटरची सळई सहा-सात ओहम रोध देते. हीच सळई भोक पाडून कोरड्या बेसॉल्टमध्ये बसवली, तर रोध तीनशे ओहमच्याही पुढे जाऊ शकतो. अशा वेळी फेज मोटरच्या बॉडीला लागला, तर २३० व्होल्टला जमिनीत जेमतेम पाऊण अँपिअर प्रवाह जातो. सोळा अँपिअरचा फ्यूज तेवढ्याने उडत नाही, एमसीबीही पडत नाही. बॉडीत करंट तसाच राहतो आणि भातखाचरातून ओल्या पायांनी आलेला माणूस तिला हात लावतो.

यावर कोळसा-मिठाचा जुना उपाय सांगितला जातो. तो खोटा नाही, पण इथला आषाढ-श्रावणातला पाऊस मीठ धुऊन नेतो, उरलेले मीठ पाइप गंजवते आणि मे महिन्यात खड्डा ठणठणीत कोरडा पडतो. त्यापेक्षा बांधालगतच्या मातीत लांब पट्टी आडवी पुरणे किंवा अंतर राखून दोन-तीन सळया ठोकून एकमेकींना जोडणे अधिक टिकते. खरा आधार मात्र ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचा. ती पाऊण अँपिअर गळतीला क्षणात वीज तोडते. मग अर्थिंग हवेच कशाला, असे कोणी विचारील. अर्थिंग नसेल तर गळतीला वाट मिळते ती माणसाने हात लावल्यावर, त्याच्याच शरीरातून. अर्थिंग असेल तर आरसीसीबी त्याआधीच पडते. ‘पावसात सारखी पडते’ ही तक्रार खरी आहे, पण तेव्हा बहुधा कुठला तरी भिजलेला जोड गळत असतो. तो शोधायचा सोडून आरसीसीबी बायपास करणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. अर्थिंगच्या तारेलाच न्यूट्रल करून शेतात बल्ब लावणेही तितकेच घातक.

मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना, परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्या, आकडा मीटरपाशी लिहून ठेवा आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण दर महिन्याला दाबून पाहा.