गच्चीवरच्या डेकचा पावसाळा

पुण्या-मुंबईत टेरेस फ्लॅट घेणाऱ्यांना आणि लोणावळा-अलिबागकडे बंगला बांधणाऱ्यांना हल्ली लाकडासारख्या दिसणाऱ्या डेकची भुरळ पडते आहे. बाजारात त्याला ‘डब्ल्यूपीसी डेक’ म्हणतात. विकणारा सांगतो, वाळवीची भीती नाही, पॉलिश नको, तेल नको, एकदा बसवला की बघायलाच नको. यातल्या पहिल्या तीन गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. चौथी मात्र खरी नाही, आणि तिच्यावर विसंबल्यामुळेच चांगले डेक दोन-तीन पावसाळ्यांत काळवंडतात.

या फळ्या लाकडाचा बारीक भुसा वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये मिसळून, साच्यातून दाबून काढलेल्या असतात. भुशाचं प्रमाण बहुधा निम्म्याच्या आसपास असतं. त्यात रंग आणि उन्हापासून बचाव करणारी रसायनं मिसळतात. अमेरिकेत हा माल १९९०च्या दशकात रुजला. तिथली ट्रेक्स ही कंपनी १९९६ साली मोबिल या तेल कंपनीच्या एका विभागातून वेगळी होऊन उभी राहिली. लाकडाचा भुसा आणि वापरून झालेलं प्लॅस्टिक हा तिचा कच्चा माल. सुरुवातीला समज असा होता की प्लॅस्टिकने भुशाला पुरतं वेढलं की पाणी आणि बुरशी दोन्ही दूर राहतील. तसं झालं नाही. फळीच्या पृष्ठभागावर भुशाचे कण उघडे राहतात, ते ओल धरतात, आणि ओलीमागून बुरशी येतेच. म्हणून पुढे फळीवर निव्वळ प्लॅस्टिकचं पातळ कवच चढवण्याची पद्धत आली.

आपल्या घरचा डेक कवचाचा आहे की बिनकवचाचा, हे आधी माहीत हवं. फळीचं कापलेलं टोक पाहिलं की कळतं. कवच असेल तर कडेने वेगळ्या रंगाची बारीक रेघ दिसते. नसेल तर वरपासून खालपर्यंत एकच भुसकट पोत असतो. बिनकवचाच्या फळीवर सांडलेलं तेल पुसायला तासाभराचा उशीर झाला तरी डाग मुरतो. कवचाची फळी बराच वेळ देते, पण तिच्यावर खोल ओरखडा पडला तर तो घासून घालवता येत नाही. पॉलिशपेपर मारला की कवचच जातं.

नवा डेक पहिल्या पावसात तपकिरी पाणी सोडतो. घरचे घाबरतात, मिस्त्रीला फोन जातो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. भुशातली लाकडाची नैसर्गिक रंगद्रव्यं धुऊन निघत असतात, आणि काही पावसांनंतर ते थांबतं. बिनकवचाच्या फळ्यांचा रंगही पहिल्या काही महिन्यांत थोडा फिका होऊन मग स्थिरावतो. फक्त हे तपकिरी पाणी खालच्या मजल्याच्या पांढऱ्या भिंतीवर ओघळणार नाही, एवढं पाहावं.

काळे ठिपके मात्र आपोआप जात नाहीत. बुरशी प्लॅस्टिक खात नाही, ती प्लॅस्टिकवर साचलेली घाण खाते: धूळ, परागकण, कुजलेली पानं, कुंडीतून वाहून आलेली माती. मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, लोणावळ्यात त्याहून कितीतरी अधिक. इतके दिवस ओल टिकणाऱ्या मुलखात घाणीचा पातळ थरसुद्धा बुरशीला आणि शेवाळाला पुरतो. त्यामुळे डेकच्या देखभालीतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे झाडू. आठवड्याला दोनदा केर काढला आणि फळ्यांमधल्या फटींत अडकलेली पानं चपट्या पट्टीने उकरून काढली, की निम्म्याहून अधिक काम झालं.

वर्षातून दोनदा नीट धुणं हवं. एकदा मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास, पाऊस सरल्यावर. बादलीभर कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड, हातात मऊ नायलॉनचा ब्रश, इतकं पुरतं. फळीच्या रेषांच्या दिशेने घासावं, आडवं नाही. एका वेळी चार-पाच फळ्या घ्याव्यात आणि साबण वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवाव्यात. वाळलेल्या साबणाचा थर पुन्हा धूळ धरून ठेवतो. काम सकाळी लवकर करावं, कारण मेच्या दुपारी गडद रंगाच्या फळीवर पाणी पडताच सुकतं आणि अनवाणी पायही ठरत नाही. सोसायटीत बोअरचं पाणी असेल तर सुकल्यावर क्षारांचे पांढरे डाग राहतात. शेवटचं पाणी वायपरने ओढून काढलं की ते टळतात, आणि बसलेच तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसता येतात.

प्रेशर वॉशरचा मोह आवरावा. जोराची बारीक धार बिनकवचाच्या फळीवरचे तंतू उचकटते. मग खरखरीत झालेल्या फळीवर पुढच्या पावसाळ्यात घाण दुप्पट बसते. वापरायचाच असेल तर दाब कमी, धार पंख्यासारखी पसरट आणि नोझल फळीपासून फूटभर लांब हवं. तारेचा काथ्या, थिनर आणि बाथरूमचं अ‍ॅसिड यांना तर डेकवर थाराच नको. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो, हे डेकपुरतंच नव्हे, घरातल्या प्रत्येक मोरीसाठी ध्यानात ठेवावं.

डागांची गोष्ट निराळी. गच्चीवर हळदीचा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी फळ्या पिवळ्या दिसतात, आणि साबण लावताच तो पिवळा रंग लालसर होतो. डाग वाढला असं वाटून लोक जोरात घासू लागतात. खरं तर साबणाच्या अल्कलीमुळे हळदीचा रंग बदलतो, इतकंच. धुऊन घ्यावं आणि बाकीचं उन्हावर सोडावं. हळदीतलं रंगद्रव्य उन्हात टिकत नाही, काही दिवसांत ते फिकं पडतं. तेल-तुपाचं मात्र उलट आहे. सांडल्या सांडल्या कागदाने टिपून गरम पाणी आणि लिक्विडने धुवावं. लोखंडी स्टँडखालच्या गंजाच्या डागांवर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं सौम्य द्रावण चालतं, पण हातमोजे घालूनच, आणि आधी कोपऱ्यातल्या फळीवर करून पाहून. रबरी तळाचं पायपुसणं डेकवर कायमचं ठेवू नये. रबरातली रसायनं फळीत उतरतात आणि तो डाग निघत नाही.

दिवाळीत विशेष काळजी हवी. या फळ्यांत बहुधा वापरलं जाणारं पॉलिइथिलीन साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळतं. फुलबाजीची ठिणगी त्याहून कितीतरी तापलेली असते. पणत्या ताटलीत ठेवाव्यात, फटाके डेकवर नकोतच, आणि बार्बेक्यूची शेगडी फरशीवर मांडावी.

आतापर्यंतचं सगळं डेकच्या वरच्या बाजूचं झालं. खरा धोका खाली असतो. फळ्या फ्रेमवर बसवतात, त्यामुळे त्यांच्याखाली चार-सहा इंचांची काळोखी पोकळी राहते. पावसाचं पाणी फटींतून तिथे उतरतं आणि उताराने गच्चीच्या निचऱ्याच्या जाळीकडे जातं. जाळी पानांनी आणि कबुतरांच्या पिसांनी तुंबली की पाणी साचतं, वरून कोणाला पत्ता लागत नाही. स्लॅबमध्ये ओल उतरून खालच्यांच्या छताला पोपडे धरतात, तेव्हा वॉटरप्रूफिंगवर खापर फुटतं. शिवाय डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवामानात आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला जाळी पाहायलाच हवी.

पण पाहणार कशी? कित्येक ठिकाणी जाळीच्या वर फळ्या पक्क्या ठोकलेल्या असतात. तेव्हा डेक बसवायचा विचार असेल, तर रंग आणि भाव ठरवण्याआधी मिस्त्रीकडून एक गोष्ट कबूल करून घ्या: प्रत्येक जाळीवर हाताने उचलता येईल असं झाकण. डेक आधीच बसलेला असेल, तर येत्या मे महिन्यात जाळीवरच्या दोन फळ्या कापून त्यांचं झाकण करून घ्या. सुताराचं ते एका दिवसाचं काम आहे.