शोधायला गेलो, कथा राहिली

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपण मुलांना शिकवतो. कथा लिहिताना मीच तिचं उदाहरण कसा झालो, ते आज सांगतो.

गेल्या ज्येष्ठात मी एक कथा लिहायला घेतली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जाणाऱ्या एका मुलीची. दोन पानं झाली आणि दुपारच्या भाकरीपाशी गाडी अडली. त्या काळी लोकांनी मिलो, म्हणजे परदेशी तांबडी ज्वारी, खाल्ली. तिची भाकरी कशी व्हायची, एवढंच मला हवं होतं. म्हणून इंटरनेट उघडलं. मिलोवरून गेलो अमेरिकेच्या १९५४ च्या धान्य-मदतीच्या कायद्यावर, तिथून वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेवर आणि मग त्या योजनेच्या १९७७ च्या कायद्यावर. सारं वाचण्याजोगं. पण कथेतली मुलगी घास हातात धरून तशीच बसलेली! असे तीन महिने गेले.

आता हे असं का होतं? एक तर इंटरनेटची रचनाच जत्रेसारखी आहे. प्रत्येक पानावर दुसऱ्या पानाची वाट असते. एका दुकानापुढून हलावं, तो दुसरं खुणावतं. दुसरं कारण आपल्या मनात आहे. शोधलं की क्षणात काहीतरी हाती लागतं. लिहिताना मात्र तासाभरात चार ओळी होतात आणि त्यांतल्या तीन खोडाव्या लागतात. मन सोपी वाट धरतं, आणि वर ‘मी अभ्यास करतोय’ असं समाधानही मिळतं. ही चुकवाचुकवी आहे, हे ध्यानातच येत नाही.

उपाय साधा आहे. इंग्रजी पत्रकार जिथं माहिती अडते तिथं ‘टीके’ ही दोन अक्षरं लिहून पुढं जातात. ‘मजकूर येणार आहे’ अशी ती खूण. इंग्रजी शब्दांत ही जोडी क्वचितच येते, म्हणून नंतर चटकन सापडते. आपण फुली मारावी. कच्चा खर्डा पुरा करावा, मग फुल्या मोजाव्या आणि तेवढंच शोधावं. शिक्षक बंधुभगिनींनीही मुलांकडून आधी आठवणीतून लिहून घ्यावं, शोधाशोध मागाहून.

आणि शोधायचं ते आधी माणसांत. दिवाळीला गावी गेलो, तेव्हा थोरल्या आत्याला सहज विचारलं. ती त्या कामावर होती, हे मला ठाऊक असूनही! ती म्हणाली, “भाकर गार झाली की कडक व्हायची बग. अन् खडी फोडताना बोटं ठेचायची, म्हनून चिंध्या बांधून जायचो.” अर्ध्या तासात माझ्या साऱ्या फुल्या भरल्या.

एक तेवढी राहिली. काम करताना बाया मुकादमावर गाणं म्हणायच्या. ते कोणतं, असं विचारलं, तर आत्या जरा वेळ गप्प बसली. म्हणाली, “ते माज्या जोडीदारनीनं रचल्यालं. तिलाच समदं येत व्हतं. ती श्रावणात गेली की रं.”

श्रावणात मी इंटरनेटवर कायदे वाचत होतो. कथा आता पुरी झाली आहे. गाण्याच्या जागी फुली तशीच आहे.