इंग्रजीत प्रश्न विचारताना सहायक क्रियापद आधी!

डोंबिवली लोकलमध्ये हमखास कानावर पडणारा प्रश्न: ‘व्हेअर यू आर गेटिंग ऑफ?’ समोरच्याला कळतं, पण घडण मराठी आहे. ‘तुम्ही ठाण्याला उतरणार’ला ‘का?’ जोडलं की आपला प्रश्न तयार. इंग्रजीत सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी बसतं:

✅ व्हेअर आर यू गेटिंग ऑफ?
✅ डज धिस ट्रेन स्टॉप ॲट दिवा? ‘डज’ आलं की ‘स्टॉप्स’ नको.
✅ व्हेन डिड द फर्स्ट ट्रेन रीच ठाणे? ‘डिड’नंतर ‘रीच्ड’ नको. (उत्तर: 16 एप्रिल 1853!)

अनोळखी माणसाला नम्रपणे विचारायचंय? ‘कुड यू टेल मी व्हेअर द तिकीट विंडो इज?’ इथे ‘कुड’ने प्रश्न आधीच केलाय, म्हणून ‘इज’ शेवटी.

उद्या कल्याणला गाडीची वाट बघताना असे चार-पाच प्रश्न जुळवून बघा आणि कमेंटमध्ये टाका!