कम्पायलरच कोलमडला तर? ऑप्टिमायझेशनची पातळी उतरवून बिल्ड कसा पूर्ण होतो?

जळगाव असो की धुळे, इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची जीसीसी या कम्पायलरशी कधी ना कधी गाठ पडतेच. कोड चुकला, तर तो ओळ क्रमांकासह चूक दाखवतो. पण कधी ‘इंटर्नल कम्पायलर एरर’ असा संदेश येतो. म्हणजे कोड बरोबर असो वा चूक, कोलमडला आहे तो कम्पायलर.

असं का होतं?
प्रोग्राम वेगवान व्हावा म्हणून कम्पायलर कोडवर अनेक टप्प्यांत प्रक्रिया करतो. ‘ओ०’ पातळीला यातले बहुतेक टप्पे बंद असतात. ‘ओ१’, ‘ओ२’, ‘ओ३’ला ते वाढत जातात. बग यातल्याच एखाद्या टप्प्यात असू शकतो. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘सीस्मिथ’ हे साधन वापरून कम्पायलरमधले ३२५हून अधिक बग शोधल्याचं २०११मध्ये जाहीर केलं होतं. पातळी उतरवली की अनेकदा तो टप्पाच टळतो.

मग काय करायचं?
आधी तीच कमांड पुन्हा चालवा. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडत असेल, तर रॅम तपासा. ‘किल्ड’ असं दिसलं, तर बहुधा मेमरी संपली आहे. ‘मेक’ला एका वेळी कमी कामं द्या.

दर वेळी एकाच फाईलवर अडत असेल, तर मेकफाईलमध्ये तेवढ्याच फाईलसाठी ‘ओ१’ द्या, नाहीच जमलं तर ‘ओ०’. सगळ्याच फाईलींची पातळी उतरवली, तर प्रोग्राम मंदावतो.

हा इलाज तात्पुरता आहे. मेकफाईलमध्ये कारण लिहून ठेवा आणि नव्या आवृत्तीत बग गेला का, ते तपासा.