जुन्या भारी प्रोसेसरचे आकडे कसे वाचायचे?

"एकेकाळचा सर्वांत भारी प्रोसेसर आता स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. आज नुसतं हो किंवा नाही न म्हणता, उत्तर कसं काढायचं ते पाहू. उदाहरण घेऊ इंटेलच्या कोअर आय७-९८०एक्सचं. मार्च २०१० मध्ये तो आला, किंमत ९९९ डॉलर. इंटेलचा डेस्कटॉपसाठीचा हा पहिला सहा कोअरचा प्रोसेसर.

पत्रकातला पहिला आकडा ३.३३ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३३ कोटी ठोके. हे येतात कुठून? मदरबोर्डवर १३३ मेगाहर्ट्‌झचा मूळ ठोका असतो, प्रोसेसर त्याला २५ ने गुणतो. काम एकाच कोअरवर असेल आणि तापमान आटोक्यात असेल तर गुणक २७ पर्यंत जातो आणि वेग ३.६ होतो. हाच टर्बो. शिवाय या प्रोसेसरचा गुणक कुलूपबंद नाही, हौशी मंडळी तो स्वतः वाढवू शकतात.

दुसरा आकडा, ६ कोअर आणि १२ थ्रेड. इथेच बहुतेकांची फसगत होते. सहा कोअर म्हणजे सहापट वेग, असं होत नाही. समजा, एखाद्या कामाचा निम्माच भाग सहा जणांत वाटता येतो. उरलेला निम्मा एकट्यालाच करावा लागणार. गणित मांडा: ०.५ अधिक ०.५ भागिले ६, म्हणजे सुमारे ०.५८. वेग वाढला जेमतेम १.७ पट! तेच ९० टक्के काम वाटता आलं, तर वेग चौपट होतो. याला अ‍ॅमडालचा नियम म्हणतात. म्हणून व्हिडिओ रूपांतराला सहा कोअर कामाला येतात, पत्र टाइप करायला नाही.

तिसरा आकडा मेमरीचा. डीडीआर३-१०६६, तीन मार्ग. प्रत्येक मार्गावरून एका खेपेला ८ बाइट, सेकंदाला १०६.६ कोटी खेपा. तिन्ही मिळून सुमारे २५.६ गिगाबाइट. पण हे तिन्ही मार्गांत पट्ट्या लावल्या तरच! एकच पट्टी असेल तर एक तृतीयांश. मेमरी कितीही जलद असली तरी कोअरपेक्षा मंदच, म्हणून प्रोसेसरमध्येच १२ मेगाबाइटची तिसऱ्या पातळीची कॅश ठेवली आहे, सहाही कोअरना सामाईक.

चौथा आकडा १३० वॅट. हे वीजबिल नव्हे. जोराच्या कामात किती उष्णता बाहेर काढावी लागेल, याचा हा अंदाज. कूलर निवडायला तो लागतो.

आता खरी गंमत. जानेवारी २०११ मध्ये, म्हणजे दहाच महिन्यांत, इंटेलनेच कोअर आय७-२६००के आणला. चारच कोअर, ९५ वॅट, किंमत ३१७ डॉलर. तरीही रोजच्या, एकाच कोअरवर चालणाऱ्या कामांत तो पुढे गेला. कारण प्रत्येक ठोक्यात तो जास्त काम उरकत होता. पत्रकावर गिगाहर्ट्‌झ छापलेले असतात, ठोक्यामागचं काम मात्र छापलेलं नसतं. ते चाचणीतूनच कळतं.

मग घ्यावा का? आधी तीन गोष्टी तपासा. एक, याच्यात एव्हीएक्स सूचनासंच नाही, त्यामुळे काही नवे प्रोग्रॅम सुरूच होत नाहीत. दोन, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो बसत नाही. तीन, याला एलजीए १३६६ सॉकेटचाच मदरबोर्ड हवा, आणि प्रोसेसरमध्ये चित्रपट्टी नसल्याने ग्राफिक्स कार्ड वेगळं. म्हणजे स्वस्त प्रोसेसरमागे खर्च उभाच राहतो.

मात्र असा संगणक घरात आधीच असेल, तर भंगारात देण्याची घाई नको. त्यावर लिनक्स टाका. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला, फाइली साठवायला तो अजूनही दणकट आहे. विकत घेताना मात्र कालचा मान बघू नका, आजचं काम बघा.